गोळी सुरू ठेवावी

तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पंखा आहे, वारा नाही.
मी केसपेपर मोजतेय:
मुदतीआधी कळा, वर्षभरातल्या,
एकशे अठरा.
लाल पेन्सिल, आखलेलं रजिस्टर,
आणि बेहेरे सरांनी बजावलेलं,
"कोण काय लिहितंय ते नुसतं बघा. दोष नका काढू."

तर बघतेय.
एका युनिटला निफेडिपिन,
वरच्या युनिटला आयसॉक्सुप्रिन,
मधे फक्त एक जिना.
जिना चढला की औषध बदलतं,
पोट तेच, कळ तीच.
निवासी डॉक्टरला विचारलं, तर म्हणतो, आमच्याकडे हेच लिहितात.
कोण? आधीचे.
त्यांना कोणी सांगितलं?
तो घड्याळाकडे बघतो. त्याचा राउंड असतो.

कळ काही गोळीने परत जात नाही.
उंबऱ्यावर आलेल्या पाहुण्याला आतून ओरडून सांगावं,
आले आले, जरा आवरतेय,
एवढंच.
दोन दिवस, फार तर.
आवरायची असतात बाळाची फुप्फुसं:
चार टोचण्या आईच्या मांडीत, बारा-बारा तासांनी.
नाहीतर बोलवायची असते गाडी
जिथे काचेची पेटी आहे तिथवर.
त्यासाठी मागून घ्यायचा हा वेळ.

एकतीस जणींच्या पेपरवर
गोळी आहे, टोचणी नाही.
वेळ उसना आणला
आणि फडताळात ठेवून विसरले.
'विसरले' खोडलं. 'विसरलो' लिहिलं.
त्या स्ट्रिपा माझ्याच खिडकीतून गेल्यात,
मीच कात्रीने कापून दिल्यात, दहा-दहा,
आणि पुढची चिठ्ठी मागितलीय.

सिस्टर फिलोमिना चहा घेऊन खाली येतात.
चोवीस वर्षं लेबर रूम, गुडघे गेलेले.
रजिस्टर वाचतात, उभ्या उभ्या.
"पहाटे तीनला बाई मनगट धरते ना पोरी,
तेव्हा तिला काहीतरी द्यावं लागतं.
रिकामा हात तिला बरोबर कळतो."
हे कुठल्या रकान्यात घालू?
चहात आलं जास्त झालंय.

सत्त्याहत्तरावा पेपर. शेवंता ढमाले, वय बावीस,
पौडच्या पुढून. एकतीस आठवडे.
पहिली गोळी तिकडेच, संध्याकाळी सहा चाळीस.
त्यानंतर चांदणी चौकात एक तास दहा मिनिटं
गाडी नुसती उभी.
मग नौशादचं बारीक, सरळ अक्षर:
रात्री नऊ पन्नास.
सकाळी नऊ पन्नास.
रात्री नऊ पन्नास.
सकाळी नऊ पन्नास.
त्याने त्या दोन दिवसांत जेवण केलं असेल का, कोण जाणे.
त्याच दुपारी चार पाच. मुलगी. चौदाशे ग्रॅम.
पुढे एकच शब्द, रडली,
आणि त्याच्यापुढे पूर्णविराम,
पेन जोरात टेकवून दिलेला.

मी तिथे लाल पेन्सिल लावली नाही.

पण खाली डिस्चार्ज कार्डाची प्रत,
अक्षर वेगळं, तारीख गेल्या मंगळवारची:
गोळी सुरू ठेवावी. दिवसातून तीनदा. पंधरा दिवस.
मी दोनदा वाचलं.
बाळंत झालेल्या बाईला
बाळंतपण लांबवायची गोळी.
कोणीतरी हाताच्या सवयीने लिहिलं,
हाताच्या सवयीने शिक्का मारला,
आणि खिडकीतून, हो, मीच.

फोन नवऱ्याने उचलला.
"देतोय की मॅडम, टायमाला देतोय.
जरा छातीत धडधडतं म्हणती, पण चुकवलेली नाही एकदापण."
बंद करा, म्हटलं. आजपासून. आत्तापासून.
मागे कुणीतरी पत्र्यावर काहीतरी आपटत होतं.
ते थांबलं.
"पण ती बाळ टिकायचीच होती ना?"

बाळ माझ्या डोक्यावर होतं, चौथ्या मजल्यावर, काचेत.
मी म्हटलं, फोन चालू ठेवा.
लिफ्टला रांग होती.
जिन्याने निघाले.